काहीच न हरवणारी चोरी

चोरीची आपली कल्पना फार जुनी आहे. एकाची वस्तू जाते आणि ती दुसऱ्याकडे सापडते. कुलूप तुटलेले असते, पेटी रिकामी असते, मग बोभाटा होतो. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल हे आपल्या फौजदारी व्यवहारातले शब्द याच कल्पनेवर उभे आहेत. परंतु आज लहानमोठ्या सर्वच कंपन्यांच्या चालकांनी ज्या चोरीची धास्ती घेतली आहे तिच्यात काहीच हरवत नाही. काल संध्याकाळी कंपनीच्या सर्व्हरवर असलेली फाईल आज सकाळीही तेथेच असते. तिच्यातले एक अक्षरही कमी झालेले नसते. फक्त तिची हुबेहूब नक्कल अन्यत्र कोठेतरी जन्माला आलेली असते. चालकांना त्याचा सुगावा लागतो तो कधी सहा महिन्यांनी, प्रतिस्पर्ध्याच्या निविदेतला दर आपल्या दरापेक्षा नेमका थोडासाच कमी निघतो तेव्हा. आणि पुष्कळदा कधीच लागत नाही.

या चोरीचा दुसरा विशेष असा की, तिच्यातला चोर भिंत फोडून येत नाही. तो मुख्य दरवाजातून, हजेरी लावून, रखवालदाराचा नमस्कार स्वीकारून आत येतो. फाईल उघडण्याचा अधिकार त्याला कंपनीनेच दिलेला असतो, कारण त्या फाईलवर काम करण्यासाठीच त्याला पगार मिळत असतो. म्हणून चालक मंडळी आपल्या संगणक विभागाला एक साधी वाटणारी आज्ञा देतात: आमच्या माणसांना फायली वाचता आल्या पाहिजेत, पण त्यांची नक्कल करता येता कामा नये. ही आज्ञा दिसते साधी, पण ती पाळणे अशक्य आहे. ते अशक्य का, हे नीट समजून घेतले तर शक्य काय आहे हेही समजते. आणि या विषयात पैशाचा व माणसांच्या मनःस्वास्थ्याचा जो अपव्यय चालला आहे तो बराचसा टळू शकतो.

वाचणे हीच नक्कल

कागद वाचायचा तर त्याची नक्कल करावी लागत नाही. कागद एका जागी असतो, वाचणारा त्याच्यापाशी जातो. संगणकाच्या जाळ्यात हा क्रम उलटा आहे. तेथे वाचणारा आपल्या टेबलाशी बसून राहतो आणि मजकूर तारेतून त्याच्यापाशी येतो. मूळ फाईल सर्व्हरवरच राहते. कर्मचाऱ्याच्या यंत्राच्या स्मृतीत जी उतरते आणि पडद्यावर जी दिसते ती तिची नक्कलच असते. म्हणजे वाचण्याची परवानगी दिली त्या क्षणी नक्कल झालेलीच असते. उरतो तो एवढाच प्रश्न की, काम संपल्यावर ती पुसली जाते की दुसऱ्या नावाने ठेवून दिली जाते. एखाद्या फाईलवर ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण केली की ती सुरक्षित झाली, असा समज कचेऱ्यांतून सर्रास आढळतो. वस्तुतः त्या खुणेने मूळ फाईलमध्ये फेरफार करता येत नाही, इतकेच साधते. ती वाचू शकणारा मनुष्य ती अन्यत्र ठेवू शकतो, छापू शकतो, ई-मेलने पाठवू शकतो.

या वाटा बुजवण्याचे उपाय आहेत आणि ते निरुपयोगी मुळीच नाहीत. पेन ड्राइव्ह लावण्याची जागा बंद करता येते. फाईल मध्यवर्ती यंत्रावरच ठेवून टेबलावर तिचे फक्त चित्र पाठवण्याची व्यवस्था करता येते. बाहेर जाणारी टपाले तपासणारी आज्ञावली बसवता येते. फाईल सांकेतिक रूपात ठेवली, तर ती कंपनीच्या यंत्राबाहेर उघडतच नाही. पडद्यावर फिकट अक्षरांत वाचणाऱ्याचे नाव व वेळ उमटवली की, त्या पडद्याचे छायाचित्र बाहेर गेले तरी ते कोणाच्या टेबलावरून गेले हे कळते. ज्या व्यवसायात हे आवश्यक असेल तेथे ते अवश्य करावे. परंतु यांतला प्रत्येक उपाय एकेक दार लावतो, आणि या घराला दारे किती आहेत हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते. सारी दारे लागली तरी प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे व त्याला कॅमेरा आहे.

मोबाईल दाराशी ठेवून घेतला, तर? पुण्यात २००५ साली उघडकीस आलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. अमेरिकेतल्या एका बँकेच्या ग्राहकांचे दूरध्वनी घेणाऱ्या एका कॉल सेंटरमधल्या काही तरुणांनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांच्या खात्यांचे परवलीचे शब्द काढून घेतले आणि साथीदारांच्या मदतीने खात्यांतून मोठ्या रकमा वळवल्या. तेथे येताजाता झडती होत असे. आकडे कागदावर उतरवून बाहेर नेणे सोपे नव्हते. मग त्यांनी ते पाठ केले. मनुष्याच्या डोक्यातली फाईल अडवणारे यंत्र अजून निघालेले नाही, आणि कधी निघूही नये.

जुनाच रोग, नवे साधन

राज्यकर्त्यांची ही चिंता कौटिल्याच्या काळाइतकी तरी जुनी आहे. मसलतीच्या जागी पोपट-मैनाही असू नयेत, इतकी दक्षता ‘अर्थशास्त्रा’त सांगितली आहे. पण त्या ग्रंथाचा खरा भर पोपटांवर नाही; मसलतीत किती माणसे घ्यावीत यावर आहे, आणि तीन किंवा चार हे त्याचे उत्तर आहे. गुपित सांभाळण्याचा पहिला नियम दार भक्कम करण्याचा नसून, आत जाणाऱ्यांची संख्या थोडी ठेवण्याचा आहे, हे त्या काळीही उमगले होते.

ते विसरल्याचा परिणाम दिल्लीने १९८५ च्या जानेवारीत पाहिला. थेट पंतप्रधानांच्या कार्यालयातले आणि इतर खात्यांतले गोपनीय कागद कुमार नारायण नावाच्या एका व्यापारी प्रतिनिधीकडे जात होते. त्यांच्या छायाप्रती काढल्या जात आणि मूळ कागद पुन्हा आपल्या जागी येत. तेथेही काही हरवले नव्हते. कागद नेणारे कोणी परके हेर नव्हते. वरिष्ठांच्या खोलीत नित्य वावरणारे त्यांचे स्वीय सहायक आणि कारकून होते. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पुढे १९९३ ते २००२ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव परिचयाचे आहे. संगणकाचे जाळे नसताना हे घडले. कागद वरिष्ठांचा मानला जातो, पण तो हाताळतात कनिष्ठ. आणि कोणी काय हाताळावे याचा विचार कोणीच केलेला नसतो. जाळ्याने या जुन्या ढिलाईला वेग दिला, एवढाच फरक. जेथे दहा कागद नेण्यास आठवडा लागे तेथे दहा हजार फायली एका दुपारी जातात.

विश्वासातला मनुष्य

हा वेग काय करू शकतो याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. गूगल कंपनीच्या चालकरहित मोटारींच्या प्रकल्पातले एक प्रमुख अभियंता अँथनी लेव्हँडोस्की यांनी जानेवारी २०१६ मध्ये नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी ती उबर कंपनीने विकत घेतली. जाण्यापूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, त्यांनी सुमारे चौदा हजार फायली उतरवून घेतल्या, असा आरोप पुढे झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, संगणकाच्या ज्ञानात जगात अग्रभागी असलेल्या या कंपनीला त्याचा पुरता उलगडा होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. एका पुरवठादाराकडून चुकून आलेल्या ई-मेलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या विद्युत्‌मंडलाचा आराखडा होता आणि तो आपल्याच आराखड्यासारखा दिसत होता. त्यावरून संशय बळावला. मग संगणकाच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्या नोंदी तेथे होत्याच. वाचणारे कोणी नव्हते, इतकेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये दावा दाखल झाला, वर्षभरात तडजोड झाली आणि उबरला आपले सुमारे साडेचोवीस कोटी डॉलर किमतीचे भाग द्यावे लागले. लेव्हँडोस्की यांनी एक आरोप कबूल केला, २०२० मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

यातून निघणारे बोध साधे आहेत. नक्कल करणारा बहुधा कनिष्ठ कारकून नसतो. ज्याची झडती घेण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही असा विश्वासातला मनुष्य असतो. नक्कल बहुधा नोकरी सोडण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत होते. आणि तिची नोंद यंत्रात बहुधा आपोआप उमटलेली असते.

वाटा कमी करा

तेव्हा शक्य काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे कोणाला काय दिसावे हे ठरवणे. हे काम यंत्राचे नाही, चालकांचे आहे. आणि नेमके तेच ते संगणक विभागावर ढकलतात. ज्याचा कामाशी संबंध नाही त्याला ती फाईल दिसूच नये, हा नियम एकट्याने जितके रक्षण करतो तितके बाकीचे सारे उपाय मिळून करत नाहीत. बहुतेक कचेऱ्यांत प्रत्यक्ष स्थिती अशी की, विक्री विभागातला मनुष्य हिशेब विभागात गेला तरी जुन्या फायलींची किल्ली त्याच्याकडेच राहते, वर नवी मिळते. दहा वर्षे एकाच कंपनीत काढलेल्या मनुष्याला जवळजवळ सारेच दिसत असते. भोसरीच्या लहान कारखान्यात तर मोठ्या मोटार कंपन्यांनी विश्वासाने दिलेली यंत्रभागांची रेखाचित्रे असतात, आणि त्या संगणकाचा परवलीचा शब्द पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. तेथे लाखो रुपयांची आज्ञावली बसवण्यापूर्वी ती चिठ्ठी काढावी आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावाने यंत्रात प्रवेश द्यावा. सर्वांचे मिळून एकच नाव असेल तेथे नोंदीला अर्थ उरत नाही आणि निर्दोष मनुष्याला आपला निर्दोषपणा सिद्धही करता येत नाही.

दुसरी गोष्ट, नोंद ठेवणे पुरेसे नाही, ती कोणीतरी वाचली पाहिजे. रोज वीस फायली उघडणाऱ्याने एका रात्री दोन हजार उघडल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शांतपणे विचारणा व्हावी. कदाचित त्याचे उत्तर समाधानकारक असेल. पण आपल्याला कोणी विचारते, एवढी जाणीवच पुष्कळांना मोहापासून दूर ठेवते.

तिसरी गोष्ट, ज्याच्या हाती साऱ्या किल्ल्या आहेत त्या संगणक व्यवस्थापकाचे काय? एडवर्ड स्नोडेन हे अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थेत कंत्राटदाराकडून आलेले असे व्यवस्थापकच होते. २०१३ मध्ये त्यांनी कागदपत्रे बाहेर आणल्यावर, अशी कामे एकट्याने न करता दोघांनी मिळून करावीत, असा नियम करण्याचे त्या संस्थेने जाहीर केले. आपल्या बँकांत ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे आल्याशिवाय ती उघडत नाही. त्यात कोणाला आपला अपमान वाटत नाही, कारण तो नियम शाखाधिकाऱ्यालाही लागू असतो. नव्या जाळ्यांनी जुन्या तिजोरीकडून शिकण्यासारखे आहे ते हेच: नियम सर्वांना सारखा असला की तो संशय राहत नाही, शिस्त होते.

कौशल्य कोणाचे, गुपित कोणाचे?

येथवर मालकांची बाजू झाली. परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती नोकरदाराच्या पोटाशी निगडित आहे. मनुष्य एका जागी दहा वर्षे काम करतो तेव्हा त्याला जे येऊ लागते त्यातले किती त्याचे आणि किती कंपनीचे? या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९६७ मध्ये जो निकाल दिला तो महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातला आहे. सेंच्युरी कंपनीच्या कल्याण येथील रेयॉन कारखान्याने टायरमध्ये वापरायच्या धाग्याचे तंत्र हॉलंड व जर्मनीतील कंपन्यांकडून, ते गुप्त राखण्याच्या अटीवर, घेतले होते. त्या तंत्राचे शिक्षण दिलेला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार मुदतीपूर्वीच मोडून कोटा येथील दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला. कराराची मुदत संपेपर्यंत त्याने त्याच प्रकारचे काम अन्यत्र करू नये, हा कनिष्ठ न्यायालयाचा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. परंतु बंदी मर्यादित कामापुरती व मर्यादित काळापुरती आहे, तिने त्याची उपजीविका बंद पडत नाही, हे पाहूनच. नोकरी संपल्यानंतरही मनुष्याला आपल्या धंद्यात बांधून ठेवू पाहणाऱ्या कराराला १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम आड येते.

हा भेद आजच्या संगणकयुगात अधिकच मोलाचा आहे. ग्राहकांची यादी, दरपत्रक, रेखाचित्र, सूत्र ही कंपनीची मालमत्ता. ती नेणे हा विश्वासघात आहे. परंतु ती रेखाचित्रे काढता काढता हाताला आलेली सफाई आणि चुकांतून आलेले शहाणपण ही त्या मनुष्याची मिळकत आहे. नोकरी सोडताना तो ती टेबलावर ठेवून जाऊ शकत नाही आणि तशी अपेक्षा करण्याचा कोणाला अधिकारही नाही. गोपनीयतेच्या नावाखाली त्याच्या हाताचे कसबच गहाण ठेवून घेण्याचा प्रयत्न काही करारनाम्यांतून दिसतो. तो करणाऱ्यांनी कल्याणचा निकाल मुळातून वाचावा.

कायदा एका अंगाने सज्जही आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार परवानगीवाचून संगणकातील माहितीची नक्कल करणाऱ्याला भरपाई द्यावी लागते, आणि कृत्य अप्रामाणिक हेतूने केले असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण सारा वाद ‘परवानगी’ या शब्दाभोवती फिरतो. ज्याला फाईल वाचण्याची मुभा होती त्याला ती घरी नेण्याची मुभा होती की नव्हती? रात्री घरून काम कर असे साहेबांनीच सांगितले होते, असे त्याने म्हटले तर? गोपनीय काय, ते कोठे नेता येते आणि कोठे नाही, हे मराठीत किंवा त्या मनुष्याला कळेल त्या भाषेत आधीच लिहून न ठेवणाऱ्या कंपनीची न्यायालयात पंचाईत होते. ज्या कंपनीत प्रत्येक चिटोऱ्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो तेथे काहीच गोपनीय उरत नाही.

गुपित आणि पाप

प्रत्येक गोपनीय फाईल रक्षणास पात्र असते काय? रॅनबॅक्सी या औषध कंपनीतले अधिकारी दिनेश ठाकूर यांना २००४ मध्ये, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बनावट असल्याचे अंतर्गत तपासणीत आढळले. ते कंपनीतून बाहेर पडले आणि २००५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना कळवले. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण पन्नास कोटी डॉलर भरले. चालकांच्या दृष्टीने ती आकडेवारीही गोपनीयच होती. पण ती औषधे घेणारे रोगी या व्यवहारातले तिसरे पक्षकार होते, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यास त्या एका मनुष्याखेरीज कोणी नव्हते. नक्कल संपूर्णपणे अशक्य करणारे यंत्र निघालेच, तर त्याचा पहिला लाभ अशा पापांना होईल.

म्हणून विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये व्यापारी गुपितांवर दिलेला अहवाल महत्त्वाचा आहे. अशा गुपितांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा असावा, अशी शिफारस करतानाच, गैरप्रकार उघड करणाऱ्यांना आणि सार्वजनिक हिताला त्यातून अपवाद असावा, असेही आयोगाने म्हटले आहे. कायदा करताना शिफारशीचा पूर्वार्ध तेवढा उचलून उत्तरार्ध विसरला जाणार नाही, याकडे लोकप्रतिनिधींनी लक्ष ठेवले पाहिजे. मालकांच्या संघटना प्रबळ असतात. गैरप्रकार उघड करणाऱ्या एकट्या मनुष्याची संघटना नसते.

उलट बाजूने, फाईल नेहमी कंपनीचीच असते असेही नाही. रुग्णालयातला तुमचा आजार, बँकेतली तुमची ठेव, विम्याच्या कचेरीतली तुमच्या वारसांची नावे या तुमच्या फायली आहेत. ती संस्था त्यांची केवळ विश्वस्त आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाजवी दक्षता न घेणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती याच भूमिकेतून. येथे नक्कल करणाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे काहीही नाही. चार-दोन हजार रुपयांसाठी रोग्यांची यादी विकणारा कारकून कोणाचे गैरकृत्य उघड करत नसतो. तो दुबळ्यांना विकत असतो.

संशयाची किंमत

या भीतीपोटी काही कचेऱ्यांत आता प्रत्येकाचा पडदा दर काही मिनिटांनी टिपला जातो, प्रत्येक कळीची नोंद होते, प्रत्येक पत्र वाचले जाते. फायलींचे रक्षण म्हणून सुरू झालेली ही पाळत हळूहळू माणसांची मोजदाद होऊन बसते. तिचा परिणाम उलटा होतो. ज्याला आपण चोर समजले जातो असे रोज जाणवते त्याची कंपनीविषयीची बांधिलकी संपते. आणि बांधिलकी हेच या विषयातले एकमेव कुलूप असे आहे की ज्याची किल्ली बाहेरून बनवता येत नाही. पाळत ठेवायचीच असेल तर ती फायलींवर ठेवावी, माणसांवर नव्हे; आणि ती ठेवल्याचे त्यांना उघडपणे सांगावे.

थोड्यांना दाखवावे, नोंद ठेवावी व ती वाचावी, मोठ्या किल्ल्या दोघांकडे द्याव्यात, जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा आणि त्याला सन्मानाने निरोप द्यावा. यांतल्या कोणत्याही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. शेवटची गोष्ट तर बहुतेक यादीतच घेत नाहीत. बारा वर्षांच्या सेवेनंतर ज्याला रखवालदाराच्या पहाऱ्यात दरवाजापर्यंत पोचवले जाते, त्याने तत्पूर्वीच्या रात्री काय केले असेल, याची चिंता चालकांना लागते ती उगीच नव्हे. ती चिंता त्यांची त्यांनीच निर्माण केलेली असते.